दवाखान्याच्या गाडीतला हीटर

इंदापुरात मी दवाखान्याची गाडी चालवत होतो, तेव्हाची ही गोष्ट. दुसरी लढाई सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. दवाखाना धर्मादाय होता. गावातल्या एका शेठजींनी तो आपल्या वडिलांच्या नावानं काढला होता. शेठजींची कापसाची जिनिंग होती, तेलाचा घाणा होता, गावाबाहेर बंगला होता. जिनिंगचं इंजिन सांभाळायला एक मिस्त्री होता आणि त्याच्या हाताखाली मी तयार झालो होतो.

आमचं घर लोणी देवकरचं. आज्याच्या काळात मेंढरं होती, बापाच्या काळात ती गेली आणि जिरायत तेवढी उरली. त्या जमिनीत चौघा भावांनी काय करायचं, म्हणून मी इंदापूरला आलो. मिस्त्रीनं मला जिनिंगवर ठेवून घेतलं. इंजिन कसं ऐकायचं, पट्टा कधी सैल पडतो, बेअरिंग जळायच्या आधी कसा वास येतो, हे सगळं त्यानं शिकवलं. गाडी चालवायलाही त्यानंच शिकवलं. माझ्या लग्नात माझ्या बापाच्या शेजारी तो बसला होता. हे सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात मला मालकाचं फारसं काही वाटलं नाही. मालकाकडून माझी अपेक्षाच नव्हती.

गाडी शेठजींनी पुण्याला लिलावात घेतली. जुनी होती. कुठल्या तरी थंड मुलखातल्या लष्करी इस्पितळात बरीच वर्षं वापरून झालेली. पुढं ड्रायव्हरची केबिन, तिथं माझ्या शेजारी दोघं दाटीवाटीनं बसू शकत. मागं लाकडी पेटी, तिच्यात एक माणूस निजवायची फळी आणि सोबत्याला बाक. केबिन आणि मागची पेटी यांच्यामध्ये लाकडी भिंत आणि तिला एक छोटी खिडकी. आणि केबिनमध्ये, पायापाशी, एक काळा लोखंडी डबा बसवलेला. तो हीटर.

आमच्याकडं कुणी तसलं काही पाहिलं नव्हतं. इंजिनातलं तापलेलं पाणी एका रबरी नळीनं त्या डब्यात यायचं, आत तांब्याचं वेटोळं होतं त्यातून फिरायचं आणि दुसऱ्या नळीनं परत इंजिनात जायचं. डब्याच्या मागं विजेचा बारका पंखा. तो वेटोळ्यावरून वारा सोडायचा आणि केबिनमध्ये गरम हवा यायची. दवाखान्याचं उद्घाटन माघात झालं तेव्हा शेठजींनी मामलेदारांना, वकिलांना, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना आळीपाळीनं केबिनमध्ये बसवलं आणि मला इंजिन चालू ठेवायला सांगितलं. जो तो पायापाशी हात नेऊन बघायचा आणि हसायचा. धोतराचे सोगे फुगायचे. शेठजी बाहेर उभे राहून सांगत होते की गरिबांच्या लेकराबाळांसाठी हे केलं आहे.

खरं सांगायचं तर त्या वेळी त्याची थट्टाच झाली. बाजारात लोक मला विचारायचे, काय रं, आता चैत्रातबी शेकत जाणार काय. पण डॉक्टरांना त्या डब्याचं मोल होतं. डॉक्टर तरुण होते, पुण्याचे, शिकून नुकतेच आलेले. त्यांनी मला सांगितलं होतं की बाळंतिणीला आणि नुकत्याच जन्मलेल्या पोराला गाडीतून न्यायचं तर ऊब हवी, बाकी काही नसलं तरी चालेल. आमच्या दवाखान्यात खाटा नव्हत्या. अवघड बाळंतपण असलं की बारामतीला न्यावं लागे, तिथं एक लेडी डॉक्टर होत्या. रस्ता खडीचा, मध्ये मध्ये नुसती माती. हिवाळ्यात सकाळच्या वेळी कालव्याच्या कडेनं, उसाच्या फडांमधून जाताना जो गारठा असतो तो अंगाला सुईसारखा लागतो. केबिनच्या दारांना काचा नव्हत्या, नुसते ताडपत्रीचे पडदे होते.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. त्या काळात हीटर कुणी चालू केला नाही. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली तेव्हा मी पहिल्यांदा पंख्याचं बटण दाबलं. पंखा फिरला, वारा आला, पण वारा कोमट होता. हात अगदी जाळीला लावला तर थोडंसं काही तरी जाणवायचं, वीतभर लांब नेला की गार. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचे पाय भाजत होते, आणि आता हे.

मी मिस्त्रीला सांगितलं. तो जिनिंगच्या दारात बसून पान्यांना तेल लावत होता. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, पाणी कमी असंल, बघ. मी रेडिएटर बघितला, पाणी जरा कमीच होतं. भरलं. इंजिन चालू ठेवून झाकण उघडं ठेवलं, नळीत हवा अडकली असेल तर बुडबुडे येऊन निघून जावी म्हणून. दोन-चार बुडबुडे आले. हीटर तसाच.

पुन्हा मिस्त्रीकडं गेलो. या वेळी तो म्हणाला, "कालव्याचं पाणी भरतोस ना त्यात? गाळ बसला असंल. सोडा टाकून धुऊन काढ."

ते पटण्यासारखं होतं. कालव्याच्या पाण्यानं आमच्या गावातल्या घागरींच्या बुडाशी सुद्धा बोटभर चिखल बसायचा. मी धुण्याचा सोडा आणला, पाण्यात विरघळवला, इंजिन तापवलं, सगळं पाणी सोडून दिलं. पहिल्यांदा तांबडं पाणी आलं, मग गढूळ, मग स्वच्छ. असं तीनदा केलं. मिस्त्री स्वतः येऊन उभा राहिला, बादली धरली, पाण्याकडं बघून म्हणाला, बघ, किती घाण हुती. मला बरं वाटलं. पण हीटर होता तसाच राहिला.

मी म्हटलं, डबा उघडून बघू का. तेव्हा मात्र तो पटकन बोलला. म्हणाला, डब्याला हात लावायचा नाही, आतलं वेटोळं नाजूक असतं, एकदा झाळलेला सांधा सुटला तर हिकडं कुणाला जोडता येणार नाही आणि शेठजी दोघांनाही दारात उभं करणार नाहीत. मी ऐकलं. त्याचं ऐकायचं नाही असं मला तोवर कधी वाटलंच नव्हतं.

तिसरा उपाय मला सुचला. गाडी थंडीत चालते तेव्हा समोरच्या वाऱ्यानं इंजिनच गार राहत असेल, तर पाण्यात उष्णता येणार कुठून? मी रेडिएटरपुढं अर्धं पोतं बांधलं. इंजिन चांगलं तापायला लागलं, झाकणातून वाफ येऊ लागली. डबा तरी कोमटच. डॉक्टरांना मी सांगितलं की हीटर कमी चालतोय, कारण सापडत नाही. ते म्हणाले, मिस्त्रींना नीट बघायला सांगा. मी म्हटलं, त्यांनी बघितलंय.

पौषात एका सकाळी एका वस्तीवरून बैलगाडीतून बाई आली. पहिलटकरीण होती, दिवस भरले नव्हते, सातव्या महिन्यातच वाटेत गाडीत बाळंत झाली. सोबत तिची आई. नवरा बैल हाकत होता. पोरगी झाली होती, तळहातात मावेल एवढी, पण जिवंत होती, तोंड उघडून हवा घेत होती. डॉक्टरांनी तिला जिनिंगवरून मागवलेल्या कापसात गुंडाळलं, नाक-तोंड तेवढं उघडं ठेवलं. बाईचं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरांनी तिला सुई दिली आणि मला म्हणाले, आत्ताच्या आत्ता बारामतीला निघायचं. ते स्वतः बाईजवळ मागं बसले, नवऱ्यालाही मागंच घेतलं, तिला धरून ठेवायला माणूस हवा होता. पोरीला आजीच्या मांडीवर देऊन केबिनमध्ये माझ्या शेजारी बसवलं. हीटर तिथं होता म्हणून.

निघालो तेव्हा ऊन वर आलं होतं, पण त्या उन्हात काही दम नव्हता. वारा समोरून येत होता. म्हातारीनं आपल्या पायापाशी हात नेला, थोडा वेळ तसाच धरला, मग मला विचारलं, "ह्यातनं गरम यायचं न्हवं?"

मी म्हटलं, यायला पाहिजे, गाडी तापली की येईल.

थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, "लागंना रं बाबा."

मी गाडी थांबवली. पोतं होतंच, ते पुरतं ओढून घेतलं, सगळा रेडिएटर झाकला. मागून डॉक्टरांनी छोट्या खिडकीतून विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, आणि पुन्हा निघालो. इंजिन उकळायला लागलं, वाफ पुढच्या काचेवर येत होती, इंजिनाचा तापलेला वास केबिनमध्ये भरला होता, आणि त्या डब्यातून येणारा वारा माणसाच्या श्वासाहून गरम नव्हता. शेवटी मी पंखाच बंद केला. वारा तरी नको. माझी घोंगडी म्हातारीला दिली. तिनं ती स्वतःवरून ओढून घेतली, चोळी सैल केली आणि पोरीला आपल्या अंगाला लावून आत घेतलं. मग तिनं पदर वरून घट्ट गुंडाळला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसली.

मागून बाईचं कण्हणं ऐकू यायचं, डॉक्टरांचं काही तरी सांगणं ऐकू यायचं. मी खड्डे चुकवत होतो. बारामतीच्या अलीकडचं कन्हेरी गाव अजून यायचं होतं तेव्हा म्हातारीनं पदराच्या आत हात घातला. काही वेळ तो हात आतच होता. मग ती हळू आवाजात, माझ्याकडं न बघता म्हणाली,

"गाडी थांबवू नगंस. मागं तिला कळंल."

मला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा माझा पाय आपोआप सुटला आणि गाडीचा वेग कमी झाला. तिनं माझ्या गुडघ्याला नुसता हात लावला. मी पुन्हा वेग धरला. तिथून बारामतीपर्यंत ती तशीच बसून होती. दोन्ही हात पदरावर, जणू काही झालंच नाही. मध्ये एकदा खिडकीतून तिच्या मुलीनं विचारलं, पोरगी काय करतीया. म्हातारी म्हणाली, निजलीया.

बाई वाचली. लेडी डॉक्टरांनी तिचं रक्त थांबवलं. पोरीचं तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

परत येताना डॉक्टर माझ्या शेजारी बसले होते. ते म्हणाले की एवढं कमी दिवसांचं पोर बहुतेक जगत नाही, हीटर चालला असता तरी जगलं असतं असं कुणी सांगू शकत नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "पण तिला ऊब मिळायला हवी होती." मग त्यांनी पायापाशी हात नेला आणि लगेच काढून घेतला. गावात आल्यावर म्हणाले, उद्या गाडी बंद ठेवावी लागली तरी चालेल, पण याचं कारण शोधा.

दुसऱ्या दिवशी मी गाडी दवाखान्यामागच्या लिंबाखाली घेतली. मिस्त्रीला बोलावलं नाही. त्याला उगाच कशाला त्रास, असं मनात होतं, आणि कदाचित दुसरंही काही असेल.

सगळं पहिल्यापासून धरलं. पाणी भरलेलं होतं. इंजिन चालू केलं, पोतं बांधलं, तापू दिलं. मग बॉनेट उघडून हीटरच्या दोन्ही नळ्या हातानं बघितल्या. एक जाणारी, एक येणारी. जाणारी नळी हात ठेववत नव्हता एवढी गरम. आतलं वेटोळं गाळानं तुंबलं असतं तर येणारी नळी गार लागली असती, कारण पाणी फिरलंच नसतं. मी येणाऱ्या नळीला हात लावला आणि तो झटकन काढला. तीही तितकीच गरम होती.

मी इंजिन बंद केलं आणि जवळच्या दगडावर बसलो. पाणी गरम जात होतं आणि गरमच परत येत होतं. म्हणजे ते फिरत होतं, चांगलं फिरत होतं, पण डब्यात आपली उष्णता सोडत नव्हतं. पंखा ठीक होता. वारा ठीक होता. मग वारा कशावरून जात होता? तांब्याच्या त्या वेटोळ्याला पत्र्याच्या बारीक बारीक पट्ट्या असतात, पाण्याची उष्णता त्या पट्ट्यांत उतरते आणि वारा ती घेऊन बाहेर येतो. तसलं काही आत असेल तर पाणी इतकं गरम परत येणं शक्य नव्हतं.

मी डबा उघडला. स्क्रूंच्या खाचा नव्यानं घासलेल्या होत्या. झाकण निघालं. आत वेटोळं नव्हतं. त्या जागी एक साधी लोखंडी नळी, वाकवून इकडून तिकडं घातलेली, जसली आम्ही जिनिंगच्या इंजिनाला तेलासाठी वापरायचो. बाकी डबा रिकामा. पंखा त्या एका नळीवर वारा मारत होता.

नळीच्या दोन्ही सांध्यांना, पाणी झिरपू नये म्हणून, ताग गुंडाळून सफेदा लावला होता. मिस्त्रीला सवय होती, सफेदा लावून झाला की तो अंगठ्यानं गोल पुसून घ्यायचा. त्याच्या अंगठ्याची कड पूर्वी पट्ट्यात कापली गेली होती, त्यामुळं पुसलेल्या सफेद्यावर एक तिरकी रेघ उठायची. जिनिंगमधल्या प्रत्येक सांध्यावर ती रेघ होती. इथंही होती, दोन्हीकडं.

मी तसाच, हात न धुता जिनिंगवर गेलो. तो कानस घेऊन काही तरी घासत होता. मी विचारलं, "वेटोळं कुठं हाय?"

त्यानं कानस चालूच ठेवली. मग म्हणाला, "बंगल्यावर."

पुढचं त्यानं तुटक तुटक सांगितलं. पावसाळ्यात शेठजींनी आईसाठी नवी न्हाणी बांधली. आईचे गुडघे धरले होते, वैद्यानं गरम पाण्यानं शेकायला सांगितलं होतं. शेठजींनी मुंबईला कुठंतरी नळातून गरम पाणी येताना पाहिलं होतं, तसं त्यांना हवं होतं. बंबाच्या आत बसवायला तांब्याची नळी पाहिजे होती. पुण्याहून मागवायला वेळ लागला असता. शेठजी स्वतः गाडीपाशी आले आणि डब्यावर बोट ठेवलं. उन्हाळ्या-पावसाळ्यात ह्याचं काय काम, म्हणाले. मिस्त्रीनं वेटोळं काढलं, बंबात बसवलं, आणि डबा रिकामा दिसू नये, पाणीही गळू नये म्हणून ती लोखंडी नळी घातली.

मी विचारलं, "मग मला सोडा टाकून का धुवायला लावलं?"

तो म्हणाला, "तू ईचारलंस गरम का हुईना. मी काय सांगायचं व्हतं? मालकानं न्हेलं म्हणून?"

"व्हय."

"आन सांगून काय झालं असतं? तू तरी काय केलं असतंस?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरोखरच विचारत होता. मला त्याला मारावंसं वाटलं असं मी म्हणणार नाही. मला आठवत होती ती बादली. गढूळ पाणी बघून तो मला म्हणाला होता, बघ, किती घाण हुती. मी खूश झालो होतो आणि त्यानं मला खूश होऊ दिलं होतं. ती पोरगी त्याच्यामुळं गेली असं मी कधीच म्हटलं नाही. पण ती बादली मला आजही सहन होत नाही.

मी डॉक्टरांना रिकामा डबा दाखवला. त्यांनी खाली वाकून बघितलं, उठले, टोपी घातली आणि बंगल्यावर गेले. मी दवाखान्याच्या ओट्यावर वाट बघत बसलो. ते आले तेव्हा ऊन उतरलं होतं. म्हणाले, शेठजी म्हणतात पुढच्या सालाला नवीन हीटर मागवू. तोवर सोडावॉटरच्या जाड बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून गाडीत ठेवायच्या. मी विचारलं, जुनंच वेटोळं परत नाही का देत. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या आईंना सवय झाली आहे. मग खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्यानंतर या विषयावर ते माझ्याशी बोलले नाहीत. बाटल्या मात्र प्रत्येक खेपेला स्वतः भरून घेत.

महिनाभरानं ती आजी मुलीसाठी औषध न्यायला दवाखान्यात आली. माझ्यापाशी आली, ख्यालीखुशाली विचारली, मुलगी हिंडू-फिरू लागली असं सांगितलं. मग गाडीकडं बघून म्हणाली, "ते यंत्र झालं का नीट?"

मी तिला सगळं सांगितलं. डबा, नळी, बंगला, न्हाणी, सगळं. सांगू नये असं मला वाटलं नाही. ज्या पोरीसाठी ते यंत्र होतं ती तिच्या अंगाशी गेली होती, आणि यंत्र कुठं गेलं हे तिला ठाऊक असावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती ऐकत राहिली. मग औषधाची बाटली पदरात बांधून बंगल्याच्या दिशेनं चालू लागली. मी थांब म्हटलं, ती थांबली नाही. मीही मागं गेलो नाही, रोग्यांची रांग लागली होती.

तासाभरानं ती परत आली. माझ्याशेजारी ओट्यावर बसली. तिचे पाय घोट्यापर्यंत स्वच्छ धुतलेले होते, एरवी धुळीनं भरलेले असायचे. तिनंच सांगितलं.

बंगल्याच्या मागच्या दारी ती गेली तेव्हा शेठजी घरी नव्हते. शेठजींची आई उन्हात बसली होती. हिला बघून तिनं विचारलं, कोण तू, कुठली. ही म्हणाली, लांबची हाय, चालत आले. हिचे फुटलेले, गारठलेले पाय बघून शेठजींच्या आईला कीव आली. ती काठी टेकत उठली, हिला न्हाणीत घेऊन गेली आणि म्हणाली, आमच्याकडं नळाला गरम पाणी येतं, ये, पाय शेक. स्वतः नळ सोडला. ही पाय धूत होती तोवर ती शेजारी उभी राहून सांगत होती की लेकानं आपल्यासाठी केलंय, केवढी माया लेकाची. नंतर भाकरी आणि गूळ दिला.

"तुमी काय म्हणालात तिला?" मी विचारलं.

"काय म्हणणार? म्हातारी चांगली हाय. तिला न्हाय ठावं." तिनं पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, "पाणी लई गरम हुतं."

एवढं बोलून ती उठली आणि गेली. मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

पण बंगल्यातल्या गड्यानं तिला दवाखान्याच्या ओट्यावर माझ्याशी बोलताना पाहिलं होतं, आणि ती आधी बंगल्यावर आली होती हेही. शेठजींना सगळं जोडायला वेळ लागला नाही. त्यांनी मला बोलावलं नाही. जिनिंगच्या मुनीमांनी सांगितलं की गाडीची किल्ली ठेवून जायचं, घरातल्या गोष्टी बाहेर नेणारा माणूस शेठजींना नको. मी म्हटलं, वेटोळं घरातलं नव्हतं, गाडीतलं होतं. मुनीम म्हणाले, गाडी तरी कुणाची आहे. मिस्त्री तिथंच इंजिनापाशी उभा होता. पट्टा घसरू नये म्हणून लावतात ती राळ त्यानं पट्ट्याला लावायला घेतली, लावलेली असतानाही. डॉक्टरांना भेटायला गेलो तर ते रोगी तपासत होते. त्यांनी मान हलवली, मी नमस्कार केला आणि निघालो. नवा हीटर पुढच्या साली आला की नाही ते मला माहीत नाही. आला नसावा, कारण तोवर लढाई लागली आणि मोटारीचं साधं टायरसुद्धा मिळेनासं झालं.

मी बारामतीला आलो आणि उतारूंच्या सर्व्हिस मोटारीवर लागलो. लोणी भापकरच्या, म्हणजे आमच्या लोणीहून दुसऱ्याच गावाच्या, रस्त्यावर माझी गाडी असायची. माणसं, भाजीच्या पाट्या, कोंबड्या, कधी शेरडं. बरं चाललं. संसार झाला. इंदापूरकडं मात्र मी जात नसे. लोणी देवकरला घरी जायचं झालं तरी इंदापुरात उतरत नसे.

बऱ्याच वर्षांनी मिस्त्री बारामतीच्या मोटारस्टँडवर भेटला. डोळे दाखवायला आला होता. जिनिंग बंद पडली होती. त्याच्या डोक्यावरचे केस पिकले होते आणि तो भिंतीला धरून चालत होता. त्यानं मला आवाजावरून ओळखलं, मी उतारूंना हाका मारत होतो त्यावरून. माझी गाडी सुटायला अवकाश होता. आम्ही हॉटेलात चहा प्यालो. त्यानं माझ्या पोरांची चौकशी केली, इंजिन कुठलं आहे विचारलं, तेल किती खातं विचारलं. मी उत्तरं दिली. शेठजींची आई गेली, शेठजीही गेले, असं त्यानं सांगितलं. मी म्हटलं, असं का.

चहा संपला. त्यानं कपावर बोट फिरवत विचारलं, "तू वळखलंस कसं रं? डबा उघडायच्या आधी वळखलंस का उघडल्यावर?"

मी म्हटलं, "आधी. दोन्ही नळ्यांना हात लावून बघितला. दोन्ही सारख्याच गरम."

तो मान डोलवत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. चांगल्या कामाचं ऐकल्यावर कारागिराच्या चेहऱ्यावर येतं तसं.

"बराबर शिकवलं व्हतं मी तुला," तो म्हणाला.

मला बोलायचं खूप होतं. त्या आजीचं सांगायचं होतं, गाडीत ती पदरावर हात ठेवून कशी बसली होती ते. त्याला ते कुणीच सांगितलं नव्हतं, त्याला फक्त पोर दगावलं एवढंच ठाऊक होतं. पण तो डोळ्यांतलं पाणी पुसत होता, आणि ते पाणी डोळ्यांच्या दुखण्याचं होतं. बाहेर क्लीनर मला हाका मारत होता. मी उठलो. त्याला रस्ता ओलांडून डॉक्टरच्या दारापर्यंत सोडलं. त्यानं माझं कोपर घट्ट धरलं होतं. दारात तो म्हणाला, येत जा कधी तिकडं. मी हो म्हटलं आणि गाडीकडं आलो. उतारू बसले होते, ओरडत होते, उशीर झाला होता. मी हँडल मारलं. पहिल्या झटक्याला इंजिन लागलं नाही.

तो पुढं दोन वर्षांनी वारल्याचं कळलं. मी गेलो नाही.